नालीखालच्या पाण्याची बाटली

साकोलीच्या कॉलेजातल्या मॅडम आमच्या घाटावर पहिल्यांदा आल्या, तेव्हा ऐंशी साल उजाडायचं होतं. मी चुलबंद नदीत गुडघाभर पाण्यात जाळं झटकत होते. त्यांनी मलाच विचारलं, "इथलं पाणी हिरवं कधी होतं?"

मी सगळं सांगितलं. पावसाळ्यात पाणी तांबडं, गढूळ. शेवाळ धरतच नाही. दिवाळीनंतर नितळलं, की दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ हलू लागतं. होळीनंतर धार तुटते, डोह उरतात. धान उकडणाऱ्या मिलची नाली नदीत पडते, तिथून खाली पाण्यावर हिरवी साय येते, आंबूस वास सुटतो. अशा दिवसांत पहाटे मासोळ्या वर येऊन तोंडांची उघडझाप करतात.

मॅडमनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "दर महिन्याला दोन बाटल्या भरायच्या आहेत. एक नालीच्या वरची, एक खालची. वहीत नोंदही ठेवायची. कोणी आहे?"

मी तोंड उघडेपर्यंत काठावर बसलेले सासरे बोलले, "आमची लहानी सून मॅट्रिक हाये."

मी चौथी शिकलेली. नदी माझी, आणि बाटल्या जावेच्या! नोंदीसाठी जाऊ गोड बोलून मलाच नदीचं विचारायची, पण मॅडम आल्या की त्या दोघीच दगडावर बसून बोलायच्या. जाऊ घरी येऊन सांगायची, "जाऊबाई, मिलच्या पाण्यावर शेवाळ पोसते अन् रातच्याले तेच पाण्यातली हवा खाऊन टाकते. म्हणून मासोळ्या पहाटे मरतेत." सासरे कौतुकानं ऐकायचे. मासोळ्या पहाटे मरतात हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती.

चैत्रात एकदा जावेनं बाटल्या भरून सावलीत ठेवल्या आणि ती धुणं आणायला गेली. मी नालीखालची बाटली उचलली, हिरवं पाणी ओतून दिलं, नालीच्या वर जाऊन स्वच्छ पाणी भरलं आणि बूच लावून जागच्या जागी ठेवली.

दुपारी मॅडमनी ती उजेडात धरली. "एवढ्या उन्हाळ्यात नालीखालचं पाणी असं? खाली उतरायचा कंटाळा केलास ना?"

जावेनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुकी झाली, मॅडम. पुन्हा भरून आणतो."

ती भर उन्हात खाली गेली. मॅडम पुढचे दोन महिने तिच्याशी तुटक वागल्या. मला बरं वाटायला हवं होतं. पहिले चार दिवस वाटलंही.

आषाढात नदी भरली. आम्ही दोघी जाळी दुरुस्त करत बसलो असताना मीच म्हटलं, "ते बाटली मी बदलवली होती."

"मले तवाच समजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त मॅडमनं तुमाले घाटावर उभं राहू देलं नसतं. मले पाणी कोनं शिकवलं असतं? वहीत अर्धं त तुमचंच सांगितलेलं हाये."

तिनं वही आणून दाखवली. जागोजागी लिहिलं होतं: 'मोठ्या जाऊबाईंनी सांगितले.' माझ्याकडून गोड बोलून काढून घेतलेलं सगळं तिनं माझ्याच नावावर टाकलं होतं. मॅडम पुढच्या खेपेला आल्या, तेव्हा सासऱ्यांसमोर मी सगळं कबूल केलं. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मॅडम जावेचा हात धरून बराच वेळ बसल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात डोहातल्या मरळी पोट वर करून तरंगल्या. एकोडी गावची माणसं जनावरांना पाणी पाजावं की नाही, हे विचारायला आली. सगळी थेट जावेकडे गेली. तिनं वही उघडून समजावलं, मग सगळ्यांना घेऊन मिलवर गेली. नालीचं पाणी आधी खड्ड्यात साठवायचं मिलवाल्यांनी कबूल केलं, आणि दोनेक वर्षं पाळलंही.

त्या घोळक्यात मीही होते, मेलेल्या मरळींची टोपली डोक्यावर घेऊन. जाऊ पुढे बोलत होती, लोक माना डोलावत होते. तिचं बरोबर होतं, माझ्यावर तिचे उपकारही होते. तरी त्या माना माझ्यासाठी डोलायला हव्या होत्या, हे मनातून जाईना.