सटवाईच्या दगडावरचा चरा

पातूरच्या डाक बंगल्यात कोणी साहेब उतरला की गावात पहिला प्रश्न असे, हा कपाशी पाहायला आला की लेणी? त्या वर्षांत उत्तर बहुधा कपाशी असे. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमचा कापूस हवा होता. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे, आणि बाभळीच्या काट्यांना अडकलेल्या कापसाने वाट दोन्ही बाजूंनी पांढरी दिसे.

मी तेव्हा मुंबईच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला अक्षरओळख नव्हती. मी शिकलो तो वहिनीमुळे. वडील मला शाळेतून काढून शेतावर घालणार होते, तेव्हा नव्यानेच घरात आलेली वहिनी दाराआडून म्हणाली होती, "भाऊजीच्या वाटचं निंदन मी करतो. त्याईले शिकू द्या." आणि तिने ते केले. चार पावसाळे केले.

त्या हिवाळ्यात मी सुट्टीत घरी होतो. बंगल्याचा म्हातारा चौकीदार एके दिवशी अंगणात येऊन उभा राहिला. "बाबू, कापूसवाला साहेब आला हाय. संगं मडम हाय. त्याईले दोन दिवस हिंडाफिराचं हाय, अन् माह्या इंग्रजीत निस्तं 'गरम पानी' हाय. चाला."

पहिल्या दिवशी आम्ही बाळापूरला गेलो. किल्ला पाहिला, नदीकाठची छत्री पाहिली. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले, जे ठाऊक नव्हते तेही सांगितले. साहेब सगळे वहीत टिपून घेत होता. आपले बोलणे एक गोरा माणूस लिहून घेतो आहे, याने मी पुरता फुगलो.

दुसऱ्या दिवशी लेणी पाहायची होती. सोबत यायला चौकीदार दारात येऊन थांबला होता. निघताना वहिनीने माझ्या हातात शेंदराची पुडी आणि तेलाची लहान कुपी दिली. लेण्यांच्या वाटेवर कडुलिंबाखाली सटवाईचा दगड आहे. वहिनीची आधीची दोन मुले पाचवी पुजायच्या आतच गेली होती. आता तिला आठवा महिना होता. दर महिन्याला शेंदूर लावीन, असा तिचा नवस होता, पण चढण तिच्याने होत नव्हती. माझा थोरला भाऊ कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला गेलेला.

"घरातलाच हात पायजे, भाऊजी," ती म्हणाली. "इसरू नका."

मी विसरलो नाही, हे मला आधी लिहिले पाहिजे. पुडी कोटाच्या खिशात होती आणि ती तिथे आहे हे मला सारखे जाणवत होते. फक्त साहेबासमोर ती बाहेर काढायची मला लाज वाटत होती.

लेणी पाहून उतरताना मडम त्या दगडापाशी थांबली. दगडाला रंग का फासतात, असे तिने विचारले. मी म्हणालो, अडाणी बायका आहेत, त्यांची तशी समजूत आहे. साहेब वाकून पाहू लागला. अशा जुन्या जागी दगडांवर लेख सापडतात, असे त्याने वाचले होते. शेंदराखाली अक्षरे असतील काय, असे तो म्हणाला. तो मला खरवडायला सांगत नव्हता. मीच त्याच्यापुढे हात केला आणि त्याचा चाकू मागून घेतला.

कित्येक वर्षांचे थर होते. खपल्या पडाव्यात तसे ते पडू लागले.

"बाबू, काय करून राहिले?" मागून चौकीदार म्हणाला.

"साहेबाले लेख पाहाचा हाय."

"लोकाईच्या कपाळी लिहिते ते सटवाई. सोताच्या आंगावर कायले लिहीन?"

खाली काळा दगड निघाला. एकही अक्षर नव्हते. माझ्या चाकूच्या टोकाने पडलेला एक बोटभर चरा तेवढा होता. साहेब मान हलवून पुढे चालू लागला.

चौकीदार मात्र जागचा हलला नाही. "वैनीनं पुडी देल्ली ना तुमच्यापाशी? म्या पाह्यलं. द्या इकडं. तुमी व्हा पुढं साहेबासंगं."

मी पुडी आणि कुपी त्याच्या हातात दिली. वळणावरून मागे पाहिले तेव्हा तो उकिडवा बसून दगडाला शेंदूर चोपडत होता. थोड्या वेळाने तो आमच्यामागे आला आणि रिकामा कागद मला परत देऊन पुढे गेला. मी दहा पावले मागे राहिलो. कागदाच्या घडीत उरलेला शेंदूर मी बोटांना चोळून घेतला.

घरी वहिनी उंबऱ्यात वाट पाहत होती. "लावला?"

"लावला."

तिने माझी बोटे पाहिली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला.

साहेबाने जाताना बंगल्याच्या वहीत माझ्याविषयी चांगला शेरा लिहिला. अंधश्रद्धेतून सुटलेला तरुण, असे त्यात होते. मी तो दोनदा वाचला.

वहिनीला मुलगी झाली आणि ती जगली. त्यानंतर दर सुट्टीत मला एकच ऐकावे लागे. बायका आल्या की वहिनी म्हणे, "भाऊजीच्या हाताचा गुण हाय, बाई." नवस फेडायचा तो त्याच हाताने, म्हणून तिने मी पदवी घेऊन येईपर्यंत वाट पाहिली. पोर तोवर चालू-बोलू लागली होती.

मी पदवीधर होऊन आलो, आणि चौथ्या दिवशी आम्ही सगळे कडुलिंबाखाली होतो. चौकीदारालाही वहिनीने जेवायला बोलावले होते. तिने ताट माझ्यापुढे धरले. मी बोट शेंदरात बुडवून दगडाला टेकवले. नव्या थरांखाली तो चरा बोटाला लागला. माझा हात पुढे जाईना.

मी सांगून टाकले. चाकूचे सांगितले, पुडीचे सांगितले, मडमेला दिलेले उत्तरही सांगितले. चौकीदार दुसरीकडे पाहत होता.

वहिनीने इतकेच विचारले, "मंग तुमच्या बोटाले शेंदूर कसा होता?"

मी तेही सांगितले.

तिने ताट माझ्यापुढून उचलले आणि चौकीदारापुढे धरले. "दादा, तुमी लावा." मग पोरीला म्हणाली, "पाय पड यांच्या."

ती मला कधी टाकून बोलली नाही. मी अमरावतीला मास्तर झालो तेव्हा माझ्या शिदोरीच्या भाकरी तिनेच बांधल्या. पुढे तिला दोन मुलगे झाले. दोन्ही वेळी मी सुट्टीत घरी होतो, आणि दोन्ही वेळी शेंदराची पुडी माझ्यासमोरून बंगल्यावर गेली.