काम पाहायला गेलेली पोर

आमच्या दिपमालाबद्दल रावेर तालुक्यात दोन मतं आहेत. एक, पोरगी हाताबाहेर गेली. दुसरं माझं. मी तिची आत्या, हेमलता, धुळ्याला दिलेली. माझं मत कोणी विचारत नाही, तरी मी सांगत असते.

तिचा बाप लोटन हा माझा धाकटा भाऊ. केळीच्या गाड्या भरायला जातो. बारावीनंतर दिपमालाही पॅकहाऊसमध्ये केळी धुऊन खोक्यात भरायला लागली. शेजारीच कोल्ड स्टोरेज. उन्हाळ्यात त्याचं दार उघडलं की बाकीच्या बाया घाम वाळवायला तिथं उभ्या राहायच्या. ही मात्र आतलं थंडीचं मशीन चालतं कसं ते बघायची. हेच काम शिकायचं, असं तिनं मनात घेतलं. पण ते काम असतं कसं, बाईला जमतं का, हे सांगणार कोण? घरात विषय काढला की लोटन एकच विचारायचा, वशिला आहे का?

वशिला नव्हता. मग तिनं सरळ जाऊन माणसांनाच विचारायला सुरुवात केली. पहिला तिथलाच ऑपरेटर, नवलभाऊ. तिला बघताच तो म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, "जागा नको, भाऊ. तुमचा चहा संपेपर्यंत तुमच्या कामाबद्दल बोला."

त्या माणसाला त्याच्या कामाबद्दल जन्मात कोणी विचारलं नव्हतं. चहा गार झाला, साय धरली, तरी हा बोलतोय. गॅस गळला की कसं कळतं, मालक कधी शिव्या देतो, आयटीआय न केल्याचा पस्तावा कसा होतो, सगळं. उठताना तिनं विचारलं, अजून कोणाला भेटू? त्यानं सावद्याचा एक माणूस सांगितला, सावद्याच्यानं भुसावळचा, आणि भुसावळच्यानं धुळ्याचा. अशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

धुळ्याचा तो तेजस. डिप्लोमा झालेला, अशी मोठी मशीनं दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरीला. तरणी पोर एकटी कशी पाठवायची, म्हणून मीही चांगली साडी नेसून बरोबर गेले, आणि तिथंच घोळ झाला. तुम्हीच बघा. लग्नाची पोर, सोबत आत्या, समोर बिनलग्नाचा पोरगा. आणि प्रश्न काय? शिक्षण किती, पगार किती, घरी कधी जाता, बाहेरगावी मुक्काम पडतो का, पुढं काय करायचा विचार आहे. आमच्याकडे हे प्रश्न मुलीचा बाप विचारतो, आणि एकाच कामासाठी विचारतो. दुकानातली सगळी माणसं एकदम सभ्य झाली. तेजसनं हात पुसून बाह्या खाली केल्या, चहाबरोबर कचोरी मागवली. दिपमालाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण कचोरी चांगली होती.

आठवड्याभरात तेजसच्या आईचा लोटनला फोन. "तुमनी पोर आमना पोऱ्याले देखी गयी. आते आम्ही कव्हय येवूत?"

लोटन आधी संतापला. पोरगी स्वतः नवरा बघत फिरते, गावात तोंड कसं दाखवू, म्हणाला. मग चौकशी केली. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की. राग उतरला आणि त्यानं पाहुण्यांना दिवस दिला. दिपमालानं सांगून पाहिलं की मी काम पाहायला गेले होते, नवरा नाही. ज्याला त्याला विचारून तिनं धुळ्याच्या आयटीआयला फ्रीज-एसीच्या ट्रेडला अर्ज केला होता. नाव लागलं होतं, आणि प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. लोटन म्हणाला, आधी लग्न, मग सासरचे म्हणतील तसं. या एका वाक्याखाली आमच्या घरातल्या किती पोरी गाडल्या गेल्या, त्यात मीही आले. माझं डोकं फिरलं. मिळेल ती गाडी धरून मी रावेरला गेले.

पाहुणे आले, पोहे झाले. वरणबट्टी येते का, शिवण येतं का, ते झालं. मग रिवाजाप्रमाणे कोणीतरी म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीनं खाली बघून मान हलवायची असते.

दिपमालानं वर बघितलं. "तुमच्या दुकानात एकही बाई का नाही?"

तेजस गोंधळला. म्हणाला, "कोणी आलीच नाही."

"मी आले होते. तुम्हाला वाटलं, स्थळ आलं."

लोटनचा चेहरा उतरला. तेजसची आई माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मीच पढवून आणलंय. पण पोरगा भला होता, ते मान्य करायला हवं. कान लाल झाले तरी म्हणाला, चुकलं माझं. मग दिपमालानं तिचा नेहमीचा शेवटचा प्रश्न टाकला, अजून कोणाला भेटू? आणि त्यानं आईच्या देखत फोन काढून जळगावच्या सोनलचा नंबर दिला. याच कामात मुरलेली, स्वतःचं दुकान चालवणारी बाई. त्याची आई तेवढ्यावर उठलीच. अशी सून आम्हाला नको, म्हणाली. मी उरलेले पोहे वाढून घेतले.

पाहुणे गेल्यावर दिपमालानं बापासमोरच सोनलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. लोटन पाठ करून बसलेला. वजन उचलावं लागतं का? लागतं. लोक हसतात का? हसतात, माल सडायला लागला की थांबतात. एवढं ऐकल्यावर लोटन वळला आणि त्यानं फोन मागितला.

"माय, मले एकच सांगा. तुमच्या बापानं हो कसं म्हनलं?"

"नाही म्हटलं होतं, भाऊ," सोनल म्हणाली. "अजूनही नाहीच म्हणतात. पण त्यांचा फ्रीज बिघडला की मलाच बोलावतात."

लोटननं फोन परत दिला. म्हणाला, "मंग मीबी नाही म्हनतो."

"ऐकलं, बाबा," दिपमाला म्हणाली, आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

लोटननं अजून हो म्हटलेलं नाही. दिपमाला दुसऱ्या वर्षाला आहे.