अर्धी कातरलेली मेंढरं

ती घटना आजही आठवली की मला स्वतःचाच राग येतो.

वेल्हे तालुक्यात मार्गासनीच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या पाणी योजनेवर सौर पंप बसवायचे होते. निविदा निघाली, तीन कंपन्यांनी भरली. आठवड्यात आमच्या पोलीस ठाण्यात निनावी अर्ज आला, की काम पाहणाऱ्या शाखा अभियंता बाईंनी दर फोडले. बाई भोरच्या. घरी त्या आणि म्हाताऱ्या आई, दोघीच. मी गणवेशातला हवालदार त्यांच्या घरी चौकशीला धाडला आणि बाईंना ठाण्यात तीन तास बसवून ठेवलं.

"साहेब, तिन्ही कंपन्या एकाच माणसाच्या आहेत असा मला संशय आहे. मी फाइलवर तसा शेरा मारला, म्हणून हा अर्ज आलाय."

"पुरावा?"

"एकदा जागेवर जाऊन या."

असं बोलणारे मी ढिगानं पाहिले होते. बाईंच्या निलंबनाचा आदेश तयार होता, फक्त माझ्या अहवालासाठी अडला होता. अटक करायचीच, असं मी ठरवूनही टाकलं होतं. पण जागेच्या पंचनाम्याशिवाय अहवाल पुढे जाईना, म्हणून नाइलाजानं वर गेलो.

प्रत्येक कंपनीनं जागा पाहिल्याचा, तारीख असलेला फोटो निविदेला जोडला होता. तीन फोटो, तीन तारखा, प्रत्येकात वेगळा माणूस. माळावर एक वयस्कर धनगर बाबा भेटले. फोटोतल्यांना ओळखता का, असं विचारलं, तर त्यांनी माणसांकडे बघितलंच नाही.

"आवं सायेब, ही तर माजी मेंढरं! कातरनीच्या दिसाची."

"कोणत्या फोटोत?"

"तिन्हीत की! ही बगा, निम्मी कातरल्याली, निम्मी केसाळ. आमी कातरनी एका दिसात उरकतो, पै-पाव्हनं मदतीला येत्यात त्यापायी. दुसऱ्या दिशी आसा कळप दिसायचा न्हाई."

"म्हणजे तिघं एकाच दिवशी आले?"

"व्हय. एकाच गाडीतनं. माज्याकडं ताक बी पिलं."

मी तिथंच बाबांचा जबाब लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी एका कंपनीच्या मालकाला बोलावलं आणि तिन्ही फोटो पुढ्यात मांडले. "मेंढरं कधी कातरली?"

तो हसला. "साहेब, मला सोलरचं विचारा. मेंढरांचं मला काय कळतंय!"

"तेच तर. म्हणून सापडलास."

धनगर बाबांचा जबाब वाचून दाखवला तसा त्याचा चेहरा पडला. मग तो एकेक कबूल करत गेला. एक कंपनी त्याची, एक मेहुण्याची, एक ड्रायव्हरच्या नावावर. फोटोंवरच्या तारखा मोबाईलवर बदललेल्या. बाईंनी शेरा मारल्यावर निनावी अर्जही त्यानंच टाइप केला होता.

बाईंना बोलावून सांगितलं, तुम्ही सुटलात. त्या रडल्या नाहीत, आभारही मानले नाहीत.

"साहेब, चौकशीला हवालदार गणवेशात आला होता. अख्ख्या आळीनं पाहिलं. आई तेव्हापासून दाराबाहेर पडलेली नाही. मी निर्दोष आहे हे सांगायलाही कुणी गणवेशातच येईल का?"

मी स्वतः गणवेशात गेलो. आळीत उभा राहून, चार घरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, की चूक आमची होती.

ते फोटो टेबलावर मी चार वेळा पाहिले होते. त्या ठेकेदाराला जशी मेंढरं दिसली नाहीत, तशी मलाही दिसली नाहीत. आधी माणूस ठरवला की पुरावा नजरेसमोर असूनही दिसत नाही, हे मी तिथं शिकलो. आणि आणखी एक. हवालदार गेला तेव्हा आळीतली सगळी दारं उघडली होती. मी गेलो त्या दिवशी दोनच उघडली.