सांडूच्या बांबूचा जॉइंट

सांडू कामावरून मुकुंदवाडीतल्या खोलीवर परतला की त्याची माय, दगडाबाई, एकच प्रश्न विचारायची. जेवलास का, दमलास का, यातलं काही नाही.

"पाय भुईवरच व्हते ना रं आज?"

"व्हय माय, भुईवरच."

मग ती भाकरी थापायला घ्यायची.

प्रश्नाला कारण होतं. पूर्वी सांडू दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायचा. एकदा दोर सरकला आणि तो तिसऱ्या मजल्यासमोर उलटा लोंबकळला. लटकला सांडू, पण जीव टांगणीला लागला तो दगडाबाईचा.

पुढे जालना रोडवरच्या एका ऑफिसात ठेकेदारानं काचा धुवायचा लांब दांडा आणला. होता कार्बनचा, पण पोरं त्याला बांबूच म्हणायची. आतून पाण्याची नळी, टोकाला ब्रश. जमिनीवर उभं राहून चौथ्या मजल्याची काच धुवायची. टाकीतलं पाणी फिल्टरमधून इतकं शुद्ध होऊन यायचं की काच पुसावीही लागत नसे. वाळली की लख्ख. सांडूच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं काठी धरलेली. मुकादम नानासाहेबांनी बांबू त्याच्याच हाती दिला आणि दगडाबाईनं खंडोबाला नारळ फोडला.

पण सरळ चाललं तर ते काम कसलं! नळी बांबूला जिथं आट्यांवर बसते, तिथला रबरी वायसर झिजला. पाणी कोपरावरून बाहीत आणि वर ब्रशला धारच नाही. नव्या वायसरसाठी ठेकेदार रोज "मागवलाय" म्हणायचा. या माणसाचं मागवणं म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. सांडूनं प्लंबरची टेप लावून पाहिली, पण जॉइंट रोज उघडायचा, त्यामुळे रोज टेपच्या चिंध्या. मग त्याला गावाकडचा नळवाला आठवला, आट्यांवर सूत गुंडाळणारा. सूत आणायला जायचं कशाला? घरात लोकरीचा धागा होताच. मेंढरं विकून, पाचोडजवळचं गाव सोडून ही मंडळी शहरात आली होती, तरी दगडाबाईची लोकर कातायची टकळी काही सुटली नव्हती.

कशासाठी ते सांगून सांडूनं मायकडून धागा मागून घेतला, आट्यांवर गुंडाळला, जॉइंट आवळला आणि गळती थांबली. असा खूश झाला गडी की त्या दिवशी नानासाहेबांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

दोन दिवसांनी काचांवर डाग दिसू लागले. पांढुरके, दुधाळ ओघळ. सांडूनं पुन्हा धुतलं, पुन्हा ओघळ. त्याला वाटलं, फिल्टर गेला. टाकीतलं पाणी मीटरवर तपासलं, तर पाणी शुद्ध. मग रस्त्याच्या धुळीवर संशय घेतला, मग कबुतरांवर. ब्रश बदलला. एक दिवस तर ब्रशला लिंबू-मिरची बांधली, ती नानासाहेबांनी रागानं तोडली. डोकं चालेना. काही बिघडलं की माणूस आपल्या हातातलं काम जास्त मन लावून करतो, तसं सांडूनं जॉइंटचं केलं. रोज सकाळी जुना धागा काढायचा, नवा गुंडाळायचा, दोन वेढे जास्तच. आणि ओघळ वाढतच गेले! दिवसभर बिचारा त्या काचेसमोर तोंड वर करून उभा राहायचा.

"शुक्रवारी हापिसाचे मालक येनार," नानासाहेब म्हणाले. "काच अशीच दिसली तर बांबू परत जाईल. मंग तू दोरावर. मला बोलू नको."

दोर! हे मायला सांगायचं कसं? त्या दिवशी सांगितलं नाहीच.

गुरुवारी तो जॉइंट नळीच्या तुकड्यासकट घरी घेऊन आला. चुलीशेजारी बसून ताटलीवर उघडला, ओला धागा पिळून बाजूला ठेवला आणि नुसता बघत बसला. दगडाबाई भाकऱ्या भाजत होती. चुलीच्या धगीनं ताटलीतलं पाणी आटलं आणि मागं पांढुरका पापुद्रा राहिला. तसाच. काचेवरच्यासारखाच.

"माय, हे काय हाय गं? हेच काचंवर येतंय. लई दिवस झालं, कळंनाच मला. उद्या काच साफ दिसली न्हाई, तर मला परत दोरावर जावं लागंल."

दगडाबाईनं पापुद्रा नखानं खरवडला, बोटांत चोळला, जिभेला लावला. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही.

"खळ हाय ही," ती म्हणाली. "चिंचोक्याची."

घोंगडीचा धागा मजबूत व्हावा म्हणून चिंचोके शिजवून त्याची खळ लावतात. दगडाबाई प्रत्येक धाग्याला लावायची; हात सवयीचा. धागा पाण्यात भिजला की खळ सुटायची आणि त्या शुद्ध पाण्याबरोबर थेट चौथ्या मजल्यावर जायची.

"तुजा जॉइंट घट बसावा," ती हळूच म्हणाली, "म्हनून म्या दुप्पट लावली रं."

सांडूला हसावं की रडावं कळेना. दगडाबाईनं जॉइंट ओढून घेतला आणि आट्यांत अडकलेला केसाएवढा धागाही नखानं उकरून काढला.

"रबर गेलं, तर रबरच लाव की बाबा."

इतके दिवस हे आपल्याला का सुचलं नाही, ते सांडूला आजही सांगता येत नाही. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवला.

शुक्रवारी आधी त्यानं नळीतून बराच वेळ पाणी सोडून दिलं, मग काच धुतली. मालक आणि नानासाहेब खाली उभे. काच वाळेपर्यंत सांडूनं श्वाससुद्धा धड घेतला नाही. एक कोपरा वाळला, दुसरा वाळला. ओघळ नाही. मालक काहीच न बोलता आत निघून गेले. काच स्वच्छ असली की बोलण्यासारखं काही उरत नाही.

संध्याकाळी सांडू खोलीवर आला. दगडाबाई उंबऱ्याशी बसली होती. त्या दिवशी तिनं विचारलंच नाही. नुसती त्याच्या पायांकडं बघत राहिली.

"इचार की माय."

"काय तोंडानं इचारू?" तिचे डोळे भरून आले. "म्याच तर तुला वर चढवीत व्हते."

सांडू तिच्याशेजारी खाली बसला. "भुईवरच हाय माय. हे बघ, भुईवरच हाय."

तिनं त्याच्या पायावर हात ठेवून पाहिला. मग उठून भाकरीचं पीठ घेतलं.