दुसरा भाग शुक्रवार पेठेत

मी समुद्र पाहिलेला नाही. हिप्परग्याचा तलाव पाहिलाय, तोही बालवाडीच्या पोरांची सहल घेऊन गेले होते तेव्हा, आणि सगळा वेळ पोरं मोजण्यातच गेला. तरी गेलं वर्षभर सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरात, पंख्याखाली खुर्ची टाकून, समुद्रकाठी खजिना कसा शोधायचा याचे व्हिडिओ काढायला मी शिकवत होते. हसायचं असेल तर हसा. मलाही हसू येतं.

हे सगळं आपामुळं. आपा म्हणजे माझ्या समोरच्या दारातली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला आपा, म्हणजे ताई, म्हणते तसं मीही म्हणते, पण बोलते मात्र अगं-तुगं. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून आमची दारं समोरासमोर. तिचा नवरा गेला, माझेही यजमान गेले. तिला एक मुलगा, मला कुणी नाही. मी बालवाडीतून घरी यायचे तेव्हा आपा उंबऱ्यात बसून लोखंडी खलबत्त्यात शेंगाचटणी, दाण्याला तेल सुटेपर्यंत, कुटत असायची. तो ठक ठक आवाज आला की मी चहा टाकायचे. चहा माझा, चटणी तिची. एवढाच आमचा संसार म्हणा हवं तर.

मग तिच्या मुलानं रत्नागिरीच्या पुढं, एका बंदराच्या गावी, मासळीच्या गाड्यांचं काम धरलं. बायकोला घेऊन गेला आणि आईलाही. जायच्या दिवशी आपानं घराला कुलूप घातलं, एक चावी स्वतःच्या कमरेला खोचली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"आती की गे मैं. साल भर की तो बात है," म्हणाली. "खलबत्ता इधरीच रैने दे. तो है म्हणजे मेरे कू आनाच पडेगा."

मी म्हटलं, "जा जा. समुद्राची हवा लागली की कुठली येतेस."

असं तोंडानं म्हणाले. पण मनात धरून बसले की ती येणार. दर आठवड्याला तिचं घर उघडून झाडायचे. खलबत्ता पुसून ठेवायचे. दुपारी मात्र फार वाईट वाटायचं. चहा टाकायची वेळ व्हायची आणि समोरून काही आवाज यायचा नाही. मग मी टीव्ही मोठ्यानं लावायचे, आणि त्यातला बाप्या काही बोलला की त्याच्यावरच खेकसायचे. माणसाला भांडायला तरी कुणी पाहिजे की.

एके दिवशी आपाच्या सुनेनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. अर्ध्या मिनिटाचा. आपा समुद्राच्या कडेनं पदर डोक्यावरून घेऊन चाललीय, वाहून आलेली एक चप्पल उचलते आणि कॅमेऱ्याकडं बघून विचारते, "दुसरी कहां है रे बाबा?" सूनबाईनं तो इंटरनेटवर टाकला होता आणि लोकांना लई आवडला होता. सून मला मावशी म्हणते. म्हणाली, "मावशी, अजून काढायचेत. पण काढू काय? सुचत नाही."

मला नाही सुचणार तर कुणाला? बालवाडीत पाऊस असला की मी वर्गात वस्तू लपवायचे आणि पोरांना शोधायला लावायचे. मी तिथल्या तिथं बोलून पाठवलं, "चप्पल नको. खजिना शोधायला लाव तिला."

तेव्हापासून रोज फोन. सून मोबाइल धरायची, आपा चालायची आणि मी इथून हुकूम सोडायचे. पहिली युक्ती, शंखात चिठ्ठी. 'जिथं होड्या उलट्या झोपतात तिथं बघ.' आपाला वाचता येत नाही, म्हणून ती दिसेल त्या कोळ्याला चिठ्ठी वाचायला सांगत फिरली आणि तोच व्हिडिओ सगळ्यांत मस्त झाला. दुसरी युक्ती, खेकड्याच्या पावलांच्या नक्षीवरून वाट काढायची. खेकडा काही आमचं ऐकेना. आपा त्याला शिव्या देत मागं मागं, तो पुढं पुढं. तिसरी, वाहून आलेल्या फळकुटाला बुडालेल्या जहाजाचं लाकूड समजून त्याच्या टोकाची दिशा धरायची. जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर चढायचं मी सुचवलं तेव्हा आपानं विचारलं, "गुडघे तेरे कू लगाऊं क्या?" तो बेत तिथंच बारगळला.

खजिना म्हणून मी इथून डबा पाठवायचे. कडक भाकरी आणि चटणी. सात रस्ता चौकाजवळ ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पार्सल द्यायचं, तिकडं आपाचा मुलगा उतरवून घ्यायचा. आपा वाळूतून डबा काढायची, झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "सोलापूर का सोना!" मग कॅमेऱ्यासमोर कडाकडा भाकरी चावायची. चटणी दुकानातली असायची, तिनं एकदाच सुनावलं, "ये मशीन की है. ये चटणी नहीं, ये भुस्सा है." मी म्हटलं, "मग ये आणि कूट."

ती हसली. येते म्हणाली नाही.

वर्ष सरत आलं तशी माझी तगमग वाढली. सरळ विचारायची हिंमत होईना. नाही म्हणाली तर? म्हणून मी एक युक्ती काढली आणि आजवरच्या सगळ्या युक्त्यांत ती मला भारी वाटली. दोन भागांचा व्हिडिओ. पहिल्या भागात आपाला वाळूत चावी सापडते. तिचीच, घराची. दुसऱ्या भागात ती चावी घेऊन ती सोलापूरला येते, शुक्रवार पेठेत आपल्या दाराचं कुलूप काढते, आत खजिना. म्हणजे व्हिडिओ पुरा करायचा तर यायलाच पाहिजे. काय डोकं चाललं बघा माझं!

सूनबाई म्हणाली, छान आहे. आपा काही बोलली नाही. मला वाटलं, नेट गेलं असेल.

मी तिचं घर धुऊन काढलं. खलबत्त्याला चिंच लावून घासलं. बाजारातून चांगल्या शेंगा आणल्या, भाजून, सोलून, पाखडून डब्यात भरल्या. लसूण सोलला. खलबत्त्याला लाल फडकं बांधून मधल्या फळीवर ठेवलं. हाच खजिना. ती आली की इथंच कुटायला बसेल, मी समोर चहा टाकीन आणि मग बघू कोण परत जातंय ते.

चावी पुरायच्या दिवशी मी सकाळीच सांगून ठेवलं. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत पुरा, तिथं बोटानं खूण चांगली उठते. मग जेवण करा, जरा आडवं व्हा आणि उन्हं कलली की शोधायला जा, उजेड छान असतो. भरती-ओहोटी हे शब्द मला काय माहीत नव्हते? पण इथं कुणाला त्याची सवय? आमच्या तलावाचं पाणी मागं हटतं ते उन्हाळ्यात, आणि पुन्हा चढायला पावसाळा लागतो. आमच्याकडं दुपारी पुरलेलं संध्याकाळी जागेवरच असतं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "मावशी, पाणी चढलं. खूण गेली, चावी गेली. लई उकरलं."

मी ओरडलेच. "अगं बया! माझंच चुकलं. मला काय ठाऊक पाणी एवढं वर येतं!"

"मी सकाळीच म्हटलं होतं त्यांना," सून म्हणाली, "की भरती येईल, जरा वर पुरू. त्या म्हणाल्या, असू दे. तिनं सांगितलंय तिथंच पुरायची."

मला तेव्हाही काही कळलं नाही बघा. मी म्हटलं, "आपाला दे फोन." आणि तिला म्हटलं, "अगं, रडतेस कशाला? दुसरी चावी माझ्याकडं आहे की! इथून दाखवू, कुणाला कळतंय. तू नुसती ये. आत तुझ्यासाठी खजिना ठेवलाय."

मग आपा म्हणाली, "घर दिया गे मैंने."

"कुणाला दिलं?"

"बेचा. बेटे कू खुद की गाडी लेनी थी. उसकू ना कैसा बोलूं? महिना हो गया, इधरीच कागज पे सही करके. तेरे कू बोलने की हिंमत नहीं हुई."

"आणि चावी?"

"मेरे हात से ताला खोलना, फिर मेरेच हात से दूसरे कू देना... नहीं होता गे मेरे से. पानी ले जा रहा था, जाने दिया."

मी फोन ठेवला. मी रागीट आहे, आधीपासूनच. पण हा राग काय कामाचा होता? महिनाभर ती माझ्याशी खेकड्यांवरून हसत होती आणि मी इथं तिच्या घराला पोतेरं मारत होते. चार दिवस मी तिचा फोन घेतला नाही. ती रोज लावायची, रिंग पुरी वाजू द्यायचे. वाजायची तोवर बरं वाटायचं, थांबली की घर खायला उठायचं.

मग घर घेणाऱ्यांचा निरोप आला. रविवारी ताबा घ्यायला येतो, चावी तुमच्याकडं आहे असं कळलं. माणसं भली वाटली. मला मात्र त्यांचा आवाजसुद्धा ऐकवेना.

शनिवारी दुपारी मी मोबाइल डाव्या हातात धरला, चालू केला आणि उजव्या हातानं कुलूप काढलं. बोलायचं काहीतरी म्हणून म्हटलं, "दुसरा भाग." दार ढकललं. रिकाम्या खोल्या दाखवल्या, तिची मोरी, भिंतीवर तिच्या मुलाची उंची लिहिलेल्या रेघा, उंबऱ्यात ती बसायची तिथली गुळगुळीत झालेली फरशी. मग फळीवरचं लाल फडकं सोडलं आणि खलबत्ता दाखवला. तसंच पाठवून दिलं.

सुनेनं नंतर सांगितलं, आपानं तो तीनदा बघितला. सून इंटरनेटवर टाकायला निघाली तर म्हणाली, "ये नको टाकू. ये मेरे वास्ते है."

रविवारी मी चावी त्यांच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी नवं कुलूप बसवलं. खलबत्ता त्याआधीच दोन्ही हातांनी कवटाळून माझ्या घरी आणला होता. जड आहे हो मेला. वाटेत एकदा खाली ठेवला आणि गल्लीतच जरा रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी माझ्या उंबऱ्यात बसले. शेंगा, लसूण, तिखट, मीठ घातलं आणि कुटायला लागले. शेजारी मोबाइल ठेवून तेवढा आवाज भरून घेतला, ठक ठक, ठक ठक. तोच तिला पाठवला.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. आधी बराच वेळ लाटा. मग आपाचा आवाज, अगदी समोरच्या दारातून यावा तसा.

"तेल नहीं छुटा गे अभी. और कूट."

आवाजावरनं कळलं तिला. मी डोळे पुसले आणि तेल सुटेपर्यंत कुटत राहिले. चहा मात्र एकच कप टाकला होता, तो तसाच निवून गेला.