दादाचा निळा बर्फ

दादाने ते चित्र कलकत्त्याला आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर बसून काढलं. काढलं म्हणजे उतरवलं, लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातून. बर्फाने झाकलेला रस्ता, दोन निष्पर्ण झाडं, एक घर. बाहेर आमच्या गल्लीत मोर्चे आणि भिंतींवर लाल घोषणा. चित्रात चिटपाखरू नाही. त्या शैलीला, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिझमला, मराठीत उत्तर-दृक्प्रत्ययवाद असं बोबडी वळवणारं नाव आहे, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा आईने एवढंच विचारलं, "बर्फ निळा कसा रे? नीळ जास्त झाली वाटतं."

"सावली आहे ती, आई. नीट बघ, जांभळीही आहे." बर्फ त्याने जन्मात पाहिला नव्हता.

वडिलांची इथं बदली झाली तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी चार. त्याचं बंगाली ट्रामचं तिकीट काढण्यापुरतं. माझं मात्र शाळेत, गल्लीत सगळीकडे बंगालीच. मराठी फक्त जेवताना आणि बोलणी खाताना.

मी नऊ वर्षांची असताना तो नोकरीसाठी कॅनडाला निघाला. चित्र माझ्या पलंगासमोर टांगलं आणि हावड्याला मुंबईच्या गाडीत बसताना म्हणाला, "पुढच्या थंडीत येतो."

थंडी आली. माकडटोप्या निघाल्या, खजुराचा नवा गूळ आला, दादा आला नाही. पुढच्या थंडीतही नाही. आई दर पत्रात लिहायची, "आम्ही मजेत आहोत, काळजी करू नकोस." मी त्या चित्रातल्या रस्त्याकडे बघत पडायचे. खूप आठवण यायची, आणि त्याहून जास्त राग यायचा.

तिसऱ्या थंडीत मी कुणाला न दाखवता त्याला पत्र लिहिलं. "दादा, तू आला नाहीस. तुझ्यावर मला फार अभिमान झाला आहे."

बंगालीत अभिमान म्हणजे रुसवा. आपल्याच माणसावर धरलेला, त्याने येऊन काढावा म्हणून. मराठीत हा शब्द दुसऱ्याच कामाला लावतात, याचा मला पत्ता नव्हता.

महिन्याभराने उत्तर आलं. आईने ते कौतुकाने मोठ्यांदा वाचायला घेतलं.

"छकुले, तुझं मराठी पार बिघडलंय, पण भावना पोचली. इथं फार एकटं वाटतं गं. सगळं सोडून परत यायचं जवळजवळ ठरलं होतं. मग तुझं पत्र आलं. तुला माझा एवढा अभिमान वाटतो, तर मी पळून कसा येऊ? आणखी चार वर्षं राहतोय. कालच करारावर सही केली."

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. हुंदके देत देत शब्दाचा सगळा घोळ आईला सांगितला. तिने मला जवळ घेतलं नाही की रागावलीही नाही. पत्राची घडी घातली, कपाटातून कोरं एरोग्राम काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"रुसले आहे, असं लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं. आईने माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मीही."