पायरीवरचा मुलगा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे बसले की ओठांवर यायचं — मग मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी म्हणायची.

तुम्ही मला ओळखत असाल तर मंडळाच्या वैनी म्हणूनच. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत धारवाडात पुरुष दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परतवत. तिथल्याच सप्तापूर भागातल्या आम्ही बायकांनी शिंदीचं दुकान धरलं, कारण शाळा-कॉलेजातली कोवळी पोरं तिथं जाऊ लागली होती. पाळीपाळीनं दाराशी बसायचं, ओळखीचं पोर दिसलं की हाताला धरून घरी पोचवायचं. काम चांगलं होतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण मला तेवढ्यानं समाधान कुठलं? मी सभेत नियम मांडला — ज्या घरचा मुलगा पिईल, त्या घरच्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. आईला लाज वाटली की मुलगा सुधारेल, असा माझा हिशेब. एकटी सरसक्का, माझी शेजारीण, आडवी आली. “अशानं आया पोरं लपवतील की हो, वैनी.” मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

आणि लपवणारी पहिली कोण निघाली?

चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. माजघर बायकांनी भरलेलं, कैरीची डाळ वाटणं चाललेलं. दार वाजलं म्हणून मी गेले. पायरीवर सरसक्का — त्या दिवशी दुकानावर तिची पाळी होती — आणि तिच्या खांद्यावर मान टाकलेला एक मुलगा. शिंदीचा आंबूस वास माझ्यापर्यंत आला.

“वैनी, जरा हात द्या. मला एकटीला झेपेना झालंय.”

थांबा. इथपर्यंत मी मनातल्या मनात कितीदा तरी आले आणि परत फिरले. आज फिरायचं नाही.

मी हात दिला नाही. दार लावून घेतलं. आत कुणीतरी विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, “सरसक्काचा श्रीपाद. पिऊन आलाय.” माझा आवाजसुद्धा कापला नाही.

पुढं माझाच नियम चालू झाला. गल्लीतल्या एकाही घरानं सरसक्काला बोलावलं नाही. श्रीपादला तालमीतून काढलं. मी बघत राहिले. एकदा विहिरीवर तिला गाठून रडायला लागले, तर तिनं कमरेवरची घागरही खाली ठेवली नाही. “मी गप्प आहे ती वसूसाठी. तुमच्यासाठी नव्हे.”

वसू माझा मुलगा. तो खरं सांगायला निघाला होता — मीच त्याला माझी शपथ घातली. त्याला सावरलं तेही तिनंच. रोज संध्याकाळी आपल्या घरी बसवायची, श्रीपादच्या पानाशेजारी त्याचं पान मांडायची, रागवायची, पुन्हा बोलवायची. त्याची शिंदी सुटली. मंडळात सगळ्या म्हणाल्या, वैनींच्या नियमानं गल्ली सुधारली. मला हार घातला. लाज वाटली का? वाटली. तरी मी मान पुढे केली.

परवा वसूला विचारलं, मंडळात तुझं नाव घेऊ का? “घे की. इतकी वर्षं कुणासाठी थांबलीस?” एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

उद्या सभा आहे. तो नियम मोडीत काढा, असं मी उभी राहून सांगणार आहे. अध्यक्षपण सोडणार आहे. दुकानाच्या दाराशी बसायची माझी पाळी मात्र सोडणार नाही, कारण पोरं अजून तिथं येतात. आणि सगळ्यांदेखत हेही सांगणार आहे, की त्या संध्याकाळी पायरीवर वसू होता. श्रीपादनं शिंदी कधी तोंडालाही लावली नव्हती.